जागा अचूक होती

लंडनच्या 'टाइम्स'मध्ये १६ डिसेंबर १८८४ रोजी एक लांबलचक पत्र छापून आलं. खाली नाव नव्हतं, 'एफ.आर.एस.' एवढीच अक्षरं होती. लिहिणारा रॉयल सोसायटीचा सभासद आहे, एवढं वाचकाला कळावं म्हणून. रीजंट्स पार्कजवळच्या अपस्मार आणि पक्षाघाताच्या रुग्णालयात एक तरुण आहे. तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या मेंदूतली गाठ काढली. त्याचं डोकं दुखायचं थांबलं, झटके थांबले. आणि हे साधलं ते माकडांच्या मेंदूवर केलेल्या प्रयोगांमुळे, असा पत्राचा आशय होता. प्राण्यांवरच्या प्रयोगांना क्रौर्य म्हणणाऱ्यांना हा जिवंत दाखला पुरे, असा त्यातला सूर.

पत्र आल्याच्या सातव्या दिवशी, २३ डिसेंबरला, तो तरुण वारला.

डॉक्टरचा अंदाज बरोबर निघाला म्हणजे त्यानं केलं तेही बरोबर, असं आपण सहसा धरून चालतो. पेशंट दगावला की उलट: कुठंतरी चुकलंच असणार. मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत ही दोन्ही गृहीतकं उघडी पडली. म्हणून लंडनच्या त्या खाटेपाशी जाण्याआधी वीसेक वर्षं मागं जायला हवं, आणि एकदा अटलांटिकही ओलांडायला हवा.

कवटी न उघडता आत काय बिघडलंय ते ओळखायचं, तर आतला नकाशा हवा. तो तयार व्हायला सुरुवात झाली ती पेशंटच्या उशाशी. १८६१ मध्ये पॅरिसला पॉल ब्रोकानं एका माणसाचा मेंदू सहकाऱ्यांपुढं ठेवला. हा माणूस वर्षानुवर्षं 'टॅन' याखेरीज जवळजवळ काही बोलू शकत नव्हता, आणि त्याच्या मेंदूचा बिघाड डाव्या बाजूला, पुढच्या भागात होता. लंडनला जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन झटके येणाऱ्या रोग्यांकडे तासन्‌तास बघत बसे. झटका कुठून सुरू होतो, हाताच्या अंगठ्यातून, ओठाच्या कोपऱ्यातून की पायाच्या बोटातून? आणि मग कुठल्या क्रमानं पसरतो? बोटांतून मनगटात, मनगटातून दंडात, मग चेहऱ्यात. या क्रमावरून त्यानं ताडलं, की मेंदूच्या पृष्ठभागावर अवयवांच्या हालचाली शेजारीशेजारी मांडलेल्या असल्या पाहिजेत. हे शहाणपण त्यानं कुणाची कवटी न फोडता मिळवलं होतं. त्याच्या घरातही हा आजार होता; पत्नीला असेच झटके येत, आणि १८७६ मध्ये ती गेली.

१८७० मध्ये बर्लिनच्या फ्रिट्श आणि हित्झिग या दोघांनी कुत्र्याच्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून पाय हलवून दाखवला. हे प्रयोग हित्झिगच्या घरी, त्याच्या बायकोच्या शृंगाराच्या टेबलावर झाले असं सांगतात. तीन वर्षांनी, १८७३ मध्ये, डेव्हिड फेरियर या स्कॉटिश डॉक्टरनं यॉर्कशरमधल्या वेकफिल्डच्या वेड्यांच्या इस्पितळात हे काम पुढं नेलं. तिथला प्रमुख जेम्स क्रिक्टन-ब्राउन यानं त्याला जागाही दिली आणि जनावरंही. फेरियरनं लवकरच माकडं घेतली आणि त्यांच्या मेंदूवर गोल काढून आकडे घातले: इथं स्पर्श केला की पाय, त्याखाली हात, त्याही खाली तोंड आणि जीभ. १८७६ मध्ये त्याचं पुस्तक आलं, आणि माकडाचा हा नकाशा माणसाच्या डोक्यावर ठेवून बघायचा मोह डॉक्टरांना पडला.

पहिल्यांदा ठेवला तो ओहायोतल्या सिनसिनाटीत, पुस्तक निघायच्याही आधी.

मेरी रॅफर्टी ही तीस वर्षांची मोलकरीण होती. लहानपणी विस्तवात पडल्यामुळं तिच्या टाळूवर केस उगवत नव्हते, म्हणून ती टोप घाले. टोपातल्या देवमाशाच्या हाडाच्या पट्टीनं टाळू घासून जखम झाली, जखमेत कर्करोग शिरला आणि त्यानं कवटी खात खात सुमारे दोन इंचांचं भोक पाडलं. आत मेंदूचं स्पंदन दिसत होतं. १८७४ च्या जानेवारीत ती गुड समॅरिटन रुग्णालयात दाखल झाली. रॉबर्ट बार्थोलो हा तिथला नावाजलेला प्राध्यापक. त्यानं तिच्या मेंदूत बारीक सुया घातल्या आणि वीज सोडली. शरीराची उलट बाजू हलली. माकडाचं जे होतं तेच माणसाचं होतं.

बार्थोलोनं हे सगळं स्वतःच तपशीलवार छापलं, म्हणून आपल्याला कळतं. तिच्या हाताला स्पष्ट वेदना होत असतानाही गंमत वाटल्यासारखी ती हसली, असं त्यात आहे. मग जास्त ठळक परिणाम दिसावा म्हणून त्यानं विजेचा जोर वाढवला. तिचा चेहरा घाबरला, ती रडू लागली, हात पुढं ताणला गेला, डोळे एका जागी खिळले, ओठ निळे पडले, तोंडाला फेस आला आणि ती बेशुद्ध पडली. त्यातून ती शुद्धीवर आली, पण पुढच्या काही दिवसांतच मेली.

त्याचं समर्थन तयार होतं. पू काढण्यासाठी सर्जन मेंदूत सुरी घालतात आणि रोगी जगतो, तर माझ्या बारीक सुयांनी काय होणार? शिवाय बाई थोडीशी मंदबुद्धी असली तरी तिनं होकार दिला होता, आणि ती मरणारच होती. ही तीन कारणं एकेकटी ऐकली तर प्रत्येकात थोडं तथ्य वाटतं, आणि त्यामुळंच ती धोक्याची आहेत. शास्त्राच्या दृष्टीनं बार्थोलो चुकला नव्हता. नकाशा बरोबर होता, सुयाही योग्य ठिकाणी गेल्या होत्या. पण त्या सुयांमधून मेरीला काय मिळणार होतं? तिच्या कर्करोगावर तो इलाज नव्हता, निदानही नव्हतं. प्रश्न बार्थोलोचा होता, आणि उत्तर काढण्यासाठी डोकं मेरीचं वापरलं.

अमेरिकन मेडिकल असोसिएशननं निषेध केला, लंडनमध्येही टीका झाली. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ला पाठवलेल्या पत्रात बार्थोलोनं खेद व्यक्त केला आणि आता हे ठाऊक असताना कुणी पुन्हा असा प्रयोग करणं गुन्हा ठरेल, असं लिहिलं. स्वतःच्या बाबतीत मात्र तो शब्द त्यानं वापरला नाही. पाच वर्षांनी फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजात त्याला प्राध्यापकी मिळाली. पुढं तो तिथला डीनही झाला.

मेरीच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी घडलेली, १८७६ ची, ग्लासगोतली गोष्ट. एक मुलगा पडला आणि भुवईच्या वर त्याला लहानशी जखम झाली. जखम भरत आली, पण काही दिवसांनी अंगाच्या उजव्या बाजूला झटके येऊ लागले आणि वाचा गेली. विल्यम मॅकइवेन तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता, जंतुनाशक शस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्या जोसेफ लिस्टरच्या हाताखाली शिकलेला. जखमेच्या जागेवरून त्यानं निदान केलं नाही, लक्षणांवरून केलं. वाचा गेली म्हणजे ब्रोकाची जागा, उजवं अंग म्हणजे मेंदूची डावी बाजू. तिथं पू झालाय, कवटीला भोक पाडून तो काढू द्या, असं त्यानं सांगितलं. घरच्यांनी नकार दिला. मुलगा गेला. मृत्यूनंतर परवानगी मिळाली तेव्हा मॅकइवेननं जिवंतपणी केली असती तशीच शस्त्रक्रिया केली: तेच भोक, तीच खोली. पू सांगितल्या जागीच होता.

आपण बरोबर होतो हे कळूनही मूल हातचं गेलेलं, असा प्रसंग कुठल्या डॉक्टरला सहन होईल? पण मॅकइवेन घरच्यांवर दडपण आणून सुरी चालवून मोकळा झाला नाही, हे मला त्याच्या अचूक निदानापेक्षा मोठं वाटतं. तोवर अशा निदानावर कुणी विश्वास ठेवावा असं काही घडलंच नव्हतं. आईबापांच्या दृष्टीनं तो एक तरुण, आत्मविश्वासानं बोलणारा, मुलाच्या डोक्याला भोक पाडू पाहणारा माणूस होता. तीन वर्षांनी, १८७९ मध्ये, एका चौदा वर्षांच्या मुलीची मेंदूवरच्या आवरणातली गाठ त्यानं काढली. ती आठ वर्षं जगली आणि मूत्रपिंडाच्या विकारानं गेली.

इकडे फेरियरच्या मागं वेगळंच लचांड लागलं. १८८१ च्या ऑगस्टमध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद भरली. स्ट्रासबुर्गचा शरीरशास्त्रज्ञ गोल्ट्झ म्हणे, मेंदूत कामांची वाटणी नाही, आणि पुराव्यादाखल मेंदूचा मोठा भाग काढूनही हिंडणारा कुत्रा त्यानं आणला होता. फेरियरनं आपलं माकड पुढं आणलं. त्याच्या मेंदूची एक ठराविक जागा काढलेली होती आणि ते एका बाजूनं लुळं होतं, हुबेहूब पक्षाघात झालेल्या माणसासारखं. ते बघून पॅरिसचा मज्जाविकारतज्ज्ञ शार्को, हा तर रुग्णच, असं उद्गारला. वाद फेरियरनं जिंकला. पण वार्तांकन प्राणिप्रेमींनीही वाचलं. १८७६ च्या कायद्यानुसार जिवंत प्राण्यांवर प्रयोग करायला परवाना लागे, आणि फेरियरकडे तो नव्हता. फ्रान्सिस पॉवर कॉब या झुंजार बाईंच्या संस्थेनं नोव्हेंबरात त्याला बो स्ट्रीटच्या कोर्टात खेचलं. सुरी प्रत्यक्षात त्याचा सहकारी जेराल्ड यो यानं चालवली होती आणि योकडे परवाना होता, असं साक्षीत निघालं. खटला निकालात निघाला, भांडण नाही. माकडांच्या या हालांमधून माणसाच्या हाती काय लागलं, हा कॉबबाईंच्या बाजूचा सवाल होता, आणि १८८१ मध्ये त्याला दाखवण्याजोगं उत्तर फेरियरच्या बाजूकडे जवळजवळ नव्हतं.

ते उत्तर तीन वर्षांनी डोकं धरून रुग्णालयात आलं.

हेंडरसन, वय पंचवीस, स्कॉटिश शेतकरी. चार वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यावर लाकडाचा ओंडका पडला होता. वर्षभरानं तोंडाची डावी बाजू आणि जीभ फडफडू लागली. पुढं शुद्ध हरपणारे झटके आले. नंतर डाव्या हाताला झटके, मग हातातली शक्तीच गेली, बोटं हलेनात. पायातही अशक्तपणा आला. नोव्हेंबर १८८४ च्या सुरुवातीला तो अलेक्झांडर ह्यूज बेनेटच्या हाती आला, तेव्हा डोकं फुटेल अशा कळा आणि उलट्या सुरू होत्या.

बेनेट सर्जन नव्हता, मज्जाविकारांचा फिजिशियन होता. त्याच्याकडे होती ती साधनं म्हणजे डोळ्यांत बघायचं ऑफ्थॅल्मोस्कोप, सुई, पिसं, हातोडी आणि पेशंटची हकिगत. एक्स-रे यायला अजून अकरा वर्षं होती. दोन्ही डोळ्यांच्या मागच्या मज्जातंतूला सूज होती. डोकेदुखी आणि उलट्या जमेस धरल्या तर कवटीच्या आत काहीतरी वाढतंय, हे उघड होतं. कुठं? झटके डावीकडे, म्हणजे बिघाड उजवीकडे. सुरुवात तोंडापासून, मग हात, मग पाय. कायमची लुळी पडलेली फक्त हाताची बोटं. फेरियरच्या नकाशात पाय वर, तोंड खाली आणि हात मधोमध. म्हणजे गाठ हाताच्या जागी आहे आणि वरखाली दोन्हीकडे चाळवते आहे. केवढी? लहानच, मोठी असती तर चेहरा आणि पायही पुरते गेले असते. किती खोल? पृष्ठभागाजवळच, कारण झटके पृष्ठभागाच्या चेतण्यानं येतात. एकेक लक्षण घेऊन त्यानं गाठीला चहूबाजूंनी कोंडलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत देखणं काम हेच, आणि ते रक्ताचा थेंब न सांडता झालं.

मग खरी अडचण आली. निदान करणारा एक आणि कापणारा दुसरा. बेनेट चुकला तर निरोगी मेंदूत सुरी जाणार होती रिकमन गॉडलीची. पस्तिशीतला हा सर्जन लिस्टरचा सख्खा भाचा. आणि दोघंही बरोबर असले तरी आत हात घातल्यावर काय होईल, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. औषधानं काही होणार नाही, असंच ठेवलं तर मृत्यू ठरलेला आहे, शस्त्रक्रियेत धोका आहे आणि आशाही, अशी सारी बाजू हेंडरसन आणि त्याच्या माणसांपुढं ठेवली. तो तयार झाला. बार्थोलोच्या मोलकरणीचा 'होकार' आणि हा होकार, दोन्हींत मरणाची खात्री होतीच. फरक एवढाच, की इथं धोका ज्याच्या डोक्याला, फायदाही त्याचाच होता. नैतिकतेचा सगळा हिशेब एवढ्यावर मिटतो असं मी म्हणणार नाही, कारण कळांनी तळमळणारा माणूस कशालाही हो म्हणतो.

२५ नोव्हेंबरला शस्त्रक्रिया झाली. जॅक्सन आणि फेरियर दोघंही हजर होते. डोक्यावर मोजमाप करून जागा आखलेली होती. क्लोरोफॉर्म दिला, जंतुनाशक म्हणून कार्बोलिक ॲसिड वापरलं. गॉडलीनं गोल करवतीनं इंचभर व्यासाचं भोक पाडलं, मग शेजारी आणखी पाडून ती जोडून घेतली. आवरण उघडलं. खाली मेंदू फुगून वर आला, पण गाठ दिसेना. पृष्ठभाग जवळजवळ निरोगीच दिसत होता.

या क्षणी टेबलाभोवतीच्या माणसांच्या मनात काय चाललं असेल? थांबणं शक्य होतं. भोक बुजवलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. गाठ सापडली नाही, एवढीच नोंद झाली असती. पुढं जायचं तर दिसायला धडधाकट असलेल्या, हात हलवणाऱ्या मेंदूवर छेद द्यावा लागणार होता, केवळ बेनेटच्या तर्काच्या भरवशावर. गॉडलीनं छेद दिला. पाव इंच खाली गाठ लागली, अक्रोडाएवढी, भोवतालच्या मेंदूपासून वेगळी ओळखता येणारी. वरचा भाग बोटानं सोडवून निघाला, खालचा चमच्यानं खरवडून काढावा लागला. विजेनं तापवलेल्या तारेनं रक्त थांबवलं. दोन तासांत सगळं आटोपलं.

शस्त्रक्रियेच्या वेळी जॅक्सन फेरियरच्या कानाशी, भयंकर, फारच भयंकर, असं पुटपुटला म्हणतात. फेरियरनं धसकून काय बिघडलं विचारलं, तर जॅक्सन म्हणाला, स्कॉटिश माणसाचं डोकं उघडलं आणि आत एक विनोद घालायचं राहून गेलं की! ही आख्यायिका खरी असो-नसो, फेरियर स्वतः ॲबर्डीनचा होता हे ध्यानात घेतलं तर जास्त रंगते.

हेंडरसन शुद्धीवर आला. कळा गेल्या, उलट्या गेल्या, झटके गेले. डावा हात लुळाच राहिला, ते अपेक्षितच होतं. पहिले दिवस असे गेले की सगळ्यांना यश हाती आल्यासारखं वाटलं. पण जखमेत जंतू शिरले होते. कवटीच्या भोकातून मेंदूचा भाग बाहेर फुगून येऊ लागला, मग ताप भरला, मेंदूच्या आवरणाला सूज आली, आणि २८ व्या दिवशी सारं संपलं. शवविच्छेदनात गाठीचा मागमूस दिसला नाही. आवरणाची सूज जखमेच्या खालच्या कडेपासून पसरलेली होती. निदान बरोबर होतं, गाठ पुरती निघाली होती आणि लिस्टरच्या भाच्याच्या हातची जखम चिघळली होती. नियतीचा खोचकपणा म्हणतात तो हाच. ती गाठ ग्लायोमा जातीची होती. अशी गाठ डोळ्यांना दिसली तेवढी काढून संपत नाही, हे पुढच्या पिढ्यांना कळायचं होतं.

आता पुन्हा 'टाइम्स'मधलं ते पत्र. ते लिहिणारा दुसरातिसरा कुणी नसून क्रिक्टन-ब्राउन होता, वेकफिल्डला फेरियरला जनावरं पुरवणारा. स्वतःच्या घरच्या कार्याचं कौतुक त्यानं टोपणनावानं केलं, आणि तेही रोगी खाटेवर असताना, जखम भरायच्या आत. बातमी येताच विरोधक तुटून पडले आणि स्तंभच्या स्तंभ पत्रांनी भरले. एका बाजूला हेंडरसन हा विज्ञानाचा विजय होता, दुसऱ्या बाजूला विज्ञानाचा बळी. त्याच्या जखमेबद्दल बोलत होते फक्त वैद्यकाच्या नियतकालिकांतले लोक. बेनेट आणि गॉडली यांनी २० डिसेंबरच्या 'लॅन्सेट'मध्ये पहिला वृत्तान्त दिला होता आणि १८८५ मध्ये मेडिकल अँड कायरर्जिकल सोसायटीपुढं संपूर्ण हकिगत ठेवली: तर्क, छेद, फुगलेला मेंदू, शवविच्छेदन, सगळं. गॉडली पुढं छातीच्या शस्त्रक्रियांत नावाजला, मामाचं चरित्रही त्यानं लिहिलं.

मॅकइवेननं १८८८ मध्ये ग्लासगोत आपला हिशेब मांडला: मेंदूच्या २१ रोग्यांपैकी १८ बरे. त्याआधी, २५ मे १८८६ रोजी, लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या रुग्णालयात व्हिक्टर हॉर्स्लीनं बावीस वर्षांच्या एका तरुणाचं डोकं उघडलं. जॅक्सन आणि फेरियर इथंही होते. या तरुणाला गाठ नव्हती. लहानपणी रस्त्यात गाडीनं उडवल्यामुळं कवटी फुटली होती, मेंदूवर व्रण राहिला होता आणि त्यातून झटके येत. रुग्णालयातल्या पहिल्या दोन आठवड्यांतच त्यांची संख्या हजारांत गेली होती. हॉर्स्लीनं तो व्रण, भोवतीच्या थोड्या मेंदूसकट, कापून काढला. झटके थांबले. पण हेंडरसनच्या वेळी बेनेटला जे सांगता आलं होतं, की नाहीतरी हा मरणारच आहे, ते इथं तसं सांगता येत नव्हतं. झटक्यांसकट हा माणूस कदाचित अनेक वर्षं जगला असता. तो जगेल असं धरून त्याच्या मेंदूचा तुकडा काढायचा का, हे आता ठरवायचं होतं, आणि हॉर्स्लीनं ते ठरवलं. पुढच्याच वर्षी त्यानं ओळीनं केलेल्या मेंदूच्या दहा शस्त्रक्रिया छापल्या. दहापैकी नऊ रोगी जिवंत होते.